हिरवा चहा आणि चेहऱ्याची कांती : गुण किती, गाजावाजा किती?

चहा नको म्हणणारा माणूस आपल्या खेड्यात शोधूनही सापडायचा नाही. सकाळी धारा काढून झाल्या की चहा, न्याहारीच्या वेळी बांधावर चहा, पाहुणा दारात आला की चहा आणि तंटा मिटला तरी चहाच. दूध, साखर आणि आल्याचा तुकडा घालून खळखळा उकळलेला हा चहा आपल्या अंगवळणी पडलेला आहे. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक चहा हळूच आपल्या घरांत शिरू लागला आहे. तालुक्याच्या दुकानात त्याची पाकिटे मांडलेली असतात. त्यांवर हिरवे पान असते, कुठे कुठे एका गोऱ्यापान मुलीचा हसरा चेहराही असतो. हा चहा प्यायला की वजन उतरते, मुरुम जातात, वांग जातात आणि चेहरा उजळतो, असे मोबाइलवर सांगणाऱ्यांची तर रीघ लागलेली आहे.

भगिनींनो, या चहाविषयी लिहावे असे मला वाटले ते आमच्या घरच्याच एका प्रसंगामुळे. थोरल्या जाऊबाईंची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, लग्नाची होती. नाकीडोळी नीटस, रंगाने सावळी, गालांवर वयाप्रमाणे चार-दोन मुरुम. मुलगा पाहून गेला आणि वैशाखातले लग्न ठरले. तेव्हा कुणीतरी तिला सांगितले, "एवढी ट्यूब लाव, लग्नापर्यंत चेहरा दुधासारखा होईल." ट्यूब दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली. पंधरा दिवसांत मुरुम गेले, रंग उजळला. बायाबापड्या कौतुक करू लागल्या. मीही केले, हे कबूल करते.

पुढे फाल्गुनात कांदा काढणीला आला. त्या धांदलीत ट्यूब संपली आणि चार दिवस नवी आणणे झाले नाही. चौथ्या दिवशी पोरीचा चेहरा तांबडालाल झाला. शेतात उभी राहिली की तोंडावर निखारे ठेवल्यासारखी आग होई. मुरुम पूर्वीच्या चौपट आले. जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी रिकामी ट्यूब उजेडात धरून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाल्या, "हे गोरेपणाचे मलम नव्हेच. हे स्टिरॉइडचे कडक औषध आहे. चेहऱ्याची कातडी पातळ झाली आहे. भरून यायला महिने लागतील."

परतीच्या एसटीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "काकू, तो ग्रीन टी मिळतो ना, तो प्यायला तर लवकर बरं होईल का गं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी पुस्तके चाळली, डॉक्टरीणबाईंना पुन्हा भेटले, चार जाणत्यांना विचारले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

हा चहा आहे तरी काय?

पहिली गोष्ट ही की, ग्रीन टी म्हणजे आपला गवती चहा नव्हे. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी, पाती चुरगळली की लिंबासारखा वास देणारी गवती चहाची जुडी हे एक गवत आहे. सर्दीपडशात त्याचा काढा बरा वाटतो. पण ग्रीन टीचे म्हणून जे गुण सांगतात ते त्याला लागू नाहीत. गवती चहाचे तेल तर काहींच्या कातडीला झोंबते, तेव्हा ते चेहऱ्यावर चोळू नये.

दुसरी गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ग्रीन टी आणि आपली नेहमीची चहापूड ही एकाच झाडाची पाने आहेत. फरक आहे तो पाने खुडल्यानंतर त्यांचे काय करतात यात. वांगे चिरून ताटात ठेवले की थोड्या वेळात काळे पडते, हे आपण रोज पाहतो. चहाच्या पानाचेही तसेच असते. पान चुरगळून हवेत ठेवले की त्यातल्या रसाचा हवेशी संबंध येतो आणि ते तपकिरी, मग काळसर होते. ते वाळवले की आपली चहापूड तयार. पण खुडलेल्या पानाला लगेच वाफ दिली किंवा ते तापल्या कढईत परतले, तर काळे पडण्याची क्रिया तिथेच थांबते आणि पान हिरवे राहते. जपानात वाफ देण्याची रीत आहे, चीनमध्ये परतण्याची.

आपल्या देशातही हा चहा नवा नाही. हिमाचल प्रदेशात पालमपूरच्या आसपास कांगडा खोऱ्यात गेल्या शतकाच्याही आधीपासून चहाचे मळे आहेत. तिथला हिरवा चहा अमृतसरच्या पेठेतून थेट काबूलपर्यंत जात असे. १९०५ सालच्या भूकंपाने त्या मळ्यांची फार हानी झाली, तरी लागवड टिकून राहिली. काश्मिरात केशर, वेलची घालून जो कहवा करतात तोही हिरव्या चहाचाच. तात्पर्य, हे काही जादूचे विलायती औषध नव्हे. आपल्यासारख्याच शेतकऱ्यांनी, मजुरांनी पिकवलेले ते एक पान आहे.

पानात गुण कोणता?

चहाच्या ताज्या पानात कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये असतात. चहापुडीच्या पानात ती पुष्कळशी बदलून जातात, हिरव्या चहात जास्त टिकून राहतात. हिरव्या चहाचा तुरट कडवटपणा पुष्कळसा त्यांचाच. ही द्रव्ये सूज आणि लाली कमी करतात, तसेच उन्हाने कातडीच्या आत जी मोडतोड होते तिला थोडाफार आळा घालतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. यावरूनच चेहऱ्याच्या कांतीशी त्याचा संबंध जोडला गेला.

मग माणसांवर काय दिसले? जर्मनीत ६० स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना १२ आठवडे रोज हिरव्या चहाच्या द्रव्यांचे लिटरभर पेय दिले, काहींना तसेच दिसणारे पण ती द्रव्ये नसलेले पेय दिले. मग कातडीच्या लहानशा भागावर उन्हासारखे किरण सोडले. चहाचे पेय घेणाऱ्यांच्या कातडीवरची लाली १२ आठवड्यांनंतर सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरली, आणि कातडीचा ओलावाही थोडा सुधारला.

एवढेच वाचून कुणी पाकीट आणायला निघेल, म्हणून पुढचेही सांगते. इंग्लंडमध्ये ५० जणांवर केलेला तशाच धर्तीचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चहाची द्रव्ये घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सांगण्याजोगा फरक आढळला नाही. अमेरिकेत त्याआधी, २००९ साली, ५६ स्त्रियांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या काहींना दोन वर्षे हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. उन्हाने झालेल्या सुरकुत्या आणि डाग यांत शेवटी त्यांचा चेहरा इतरांपेक्षा सरस ठरला नाही.

म्हणजे गुण अगदीच नाही असे नाही, पण तो थोडा आहे आणि प्रत्येक वेळी दिसतोच असेही नाही. जर्मनीतल्या त्या पेयात १४०० मिलिग्रॅम चहाची द्रव्ये होती. आपण दोन कप पिऊन तेवढी पोटात जात नाहीत. शिवाय ते प्रयोग दिव्याखाली झाले होते, चैत्रातल्या भर दुपारी कांद्याच्या वाफ्यात नव्हे.

मुरुमांच्या बाबतीत मात्र थोडी अधिक आशा आहे. हिरव्या चहाचा अर्क घातलेल्या मलमाने सौम्य मुरुम कमी झाल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. अमेरिकेत तर २००६ साली या पानांच्या अर्काच्या एका मलमाला औषध म्हणून मान्यता मिळाली. पण ते एका विशिष्ट प्रकारच्या चामखिळीवरचे औषध आहे आणि डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायचे आहे. पानात गुण आहे याचा तो पुरावा खरा. मात्र त्याने रंग गोरा होतो असे कुणी सिद्ध केलेले नाही.

करावा कसा, घ्यावा कसा?

ज्यांना आवडतो, परवडतो, त्यांनी हा चहा जरूर घ्यावा. साखर न घालता घेतला तर दिवसभरात आपल्या पोटात जाणारी चार-सहा चमचे साखर तरी वाचते. हा फायदाही काही लहान नाही.

करण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून खाली उतरवावे आणि दोन-तीन मिनिटे निवू द्यावे. मग कपाला लहान चमचाभर पाने घालून झाकण ठेवावे. दोन-तीन मिनिटांनी गाळून घ्यावे. आपल्या चहासारखा तो चुलीवर उकळत ठेवू नये. उकळला की कडू जहर होतो आणि मग घरातली माणसे दुसऱ्यांदा तोंड लावत नाहीत. दूध घालू नये. चवीला तुळशीची दोन पाने किंवा लिंबाचे चार थेंब चालतात. दिवसाकाठी दोन-तीन कप पुरेत.

आता एक महत्त्वाची सूचना, आणि ती दोन्ही चहांना लागू आहे. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा घेऊ नये. भाजी-भाकरीतले लोह चहातल्या तुरट द्रव्यांना चिकटते आणि अंगी पुरते लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींमागे एक! चेहरा फिका, ओठ पांढुरके, डोळ्यांखाली काळे, जरा चालले की धाप, ही लक्षणे असताना रिकाम्या पोटी किंवा जेवणावर हिरवा चहा घेत राहणे म्हणजे एका हाताने सारवायचे आणि दुसऱ्या हाताने उकरायचे. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर मुळीच घेऊ नका. त्याऐवजी जेवणात लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा असू द्या. त्याने लोह चांगले अंगी लागते. तजेला हवा असेल तर तो रक्तातून येतो, आणि त्याची वाट मेथी, शेवग्याचा पाला, मटकी आणि बाजरीच्या भाकरीवरून जाते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हा चहा बेताने घ्यावा. त्यातही झोप उडवणारे द्रव्य असते. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या म्हणून ज्या गोळ्या, कॅप्सूल विकतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. अर्काच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला आहे. कपातला चहा निराळा आणि शंभर पानांचा अर्क एका गोळीत निराळा.

चेहऱ्यावर लावायचा झाल्यास

उन्हातून आल्यावर चेहरा तापला असेल तर गार झालेल्या हिरव्या चहात स्वच्छ, मऊ सुती कापड भिजवून दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवावे. थंडावा मिळतो आणि लाली थोडी उतरते. डोळे जडावले असतील तर मिटल्या पापण्यांवरही तेच करता येते. पण चहा त्याच दिवशीचा असावा, कालचा उरलेला वापरू नये. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर थांबावे. खाज सुटली नाही तरच चेहऱ्यावर लावावा. कातडी फुटलेली असेल, पू असेल, किंवा आमच्या पुतणीसारखी मलमाने भाजल्यागत झाली असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीही लावू नये.

लिंबू चेहऱ्यावर चोळून उन्हात जाण्याची एक घातकी रीत अलीकडे बोकाळली आहे. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले की फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा, दात घासायची पेस्ट यांचेही तेच. डाळीच्या पिठाचे उटणे आपल्या आजीपासून चालत आले आहे. ते हलक्या हाताने लावावे, खसाखसा घासू नये.

खरी राखण कशाने होते?

भगिनींनो, आपल्या कातडीचा सावळा रंग ही निसर्गाने दिलेली छत्री आहे. ऊन जास्त लागले की शरीर ती छत्री आणखी उघडते, म्हणून आपण रापतो. तो रंग म्हणजे रोग नव्हे. रोग असतो तो डागांत, भेगांत, खाजेत आणि जळजळीत. त्यांचे मूळ बहुतेक वेळा ऊन, धूळ, फवारा किंवा चुकीचे मलम यांतच सापडते. ते मूळ तसेच ठेवून वरून चहा पिणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडण्यासारखे आहे.

कापूस वेचणाऱ्या, ऊस खुरपणाऱ्या आपल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात आणि डोक्याला, तोंडाला फडके गुंडाळतात. शहरातले पाहुणे त्याला हसतात. पण कातडी राखण्याचा याहून चांगला आणि स्वस्त उपाय नाही. घट्ट विणीचे सुती कापड, पुढे आलेला पदर किंवा रुंद काठाची टोपी, आणि जमेल तिथे अकरा ते तीन या वेळेतले काम सकाळ-संध्याकाळवर ढकलणे, एवढे केले तरी निम्मी लढाई जिंकली. गालांवर आणि कपाळावर जे तपकिरी वांग येतात, ते बाळंतपणात किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी सुरू झाले तरी उन्हानेच गडद होतात. त्यांवर कोणतेही औषध घ्या, ऊन टाळल्याशिवाय ते टिकत नाही. सनस्क्रीनचे मलम परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा अधिक लिहिलेले घ्यावे, चांगले भरपूर लावावे आणि घामाने गेले की पुन्हा लावावे. बोटाच्या टोकावर घेऊन टिळ्यासारखे लावले तर पैसे फुकट गेले असे समजा.

दुसरा वैरी म्हणजे गाजर गवत. १९५६ च्या सुमारास पुण्यात हे गवत प्रथम नजरेत भरले आणि पुढे देशभर पसरले. याच्या संसर्गाने पापण्या, गाल, मान आणि कोपराच्या आतली बाजू यांवर खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते, उन्हात गेले की आग होते. पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे याला उन्हाचा त्रास समजून बसतात. बांधावर, उकिरड्यावर हे गवत असेल तर फुलावर येण्याआधी हातमोजे घालून, अंग झाकून उपटावे. ज्याला त्रास आहे त्याने ते उपटायला जाऊच नये, घरातल्या दुसऱ्याने जावे. फवारणीहून आलेल्या माणसाने आधी साबणाने अंग धुवावे, कपडे वेगळे धुवावेत, मग पोराला उचलून घ्यावे.

हिवाळ्यात कातडी फुटते तेव्हा अंघोळीनंतर ओलसर अंगावरच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. टाचांच्या भेगांना रात्री तेच लावून मोजे घालावेत. यापुढे कुठल्याही भारी डबीची गरज पडत नाही.

त्या ट्यूबविषयी

आता सर्वांत महत्त्वाचे. गोरेपणासाठी, मुरुमांसाठी किंवा नायट्यासाठी म्हणून जी ट्यूब घरात आली असेल, तिच्यावरची बारीक अक्षरे शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचवून घ्या. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे काही शब्द दिसले, तर ते स्टिरॉइड आहे. इसबासारख्या रोगात डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि तिथे ते गुणकारीही आहे. पण मनाने चेहऱ्यावर लावले की आधी उजळपणा येतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे केस येतात आणि लावणे थांबवले की आग होते. नायट्यावर लावले तर खाज तेवढी थांबते, नायटा मात्र आतल्या आत पसरतो आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. दुकानदार देतो म्हणून ते निर्धोक, असे समजू नका.

याहून भयंकर गोष्ट पाऱ्याची. काही बेनावी, पत्ता नसलेल्या डब्यांत रंग उजळण्यासाठी पारा घातलेला असतो. तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १३ जण गोरेपणाची मलमे लावणारे निघाले. ज्या डबीवर कोण बनवते, कुठे बनवते आणि आत काय आहे हे लिहिलेले नाही, ती डबी घरात ठेवू नका. ती कितीही प्रेमाने कुणी दिलेली असो.

आपल्या घरी अशी ट्यूब महिनोन् महिने चालू असेल तर ती एकदम फेकूही नका. ट्यूब हातात घेऊनच सरकारी दवाखान्यात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती हळूहळू कशी सोडवायची हे ते सांगतील. तसेच फिकट चट्टा असून तिथे टोचलेले कळत नसेल, तर त्यावर ना चहा ना मलम. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा गावच्या आशाताईंना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

पुतणीचे पुढे काय झाले?

लग्न ठरल्या तिथीलाच लागले. चेहऱ्याला काही लावायचे नाही असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, म्हणून हळद हातापायांनाच लागली. तोंडाला रंगरंगोटीही नव्हती. गालांवर लाल चट्टे तसेच होते. मांडवात दोघी-तिघी कुजबुजल्या. जाऊबाई दिवसभर मान खाली घालून वावरत होत्या. विहिणबाईंच्या ते ध्यानात आले. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "ताई, पोरगी आजारातून उठली आहे, एवढंच. आमच्याकडं कांदा काढताना माझं तोंड बघा कधी."

त्याला आता वर्ष होत आले. औषधे, डोक्याला फडके आणि सावली यांनी जळजळ थांबली आहे. मुरुम निवळले आहेत. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल शिरा अजून दिसतात आणि उन्हात चेहरा चटकन तांबडा होतो. ते कदाचित राहील, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रंग तिचा पूर्वीचाच, सावळा आहे.

ती सणाला माहेरी येते तेव्हा दुपारी आम्ही दोघी हिरवा चहा घेतो. जेवणानंतर तासाभराने, बिनसाखरेचा. तिच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला केव्हाच देऊन टाकले आहे : चहाने चेहरा बरा होत नाही, पण चहा वाईटही नाही. बरा होतो तो योग्य औषधाने, सावलीने आणि धीराने.

वाचक भगिनींनो, आणि हे वाचून दाखवणाऱ्या बंधूंनो, तुम्हीही ग्रीन टीचे पाकीट आणायचे की नाही ते खुशाल ठरवा. मात्र त्याआधी आज दिवेलागणीच्या आत एक काम करा. आरशामागच्या फळीवर, कोनाड्यात, लेकीच्या दप्तरात जी ट्यूब असेल ती बाहेर काढा आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. लेकीवर रागावू मात्र नका. गोरी हो, असे तिला कुणीतरी सांगितलेले असते. पुष्कळदा ते आपणच असतो.